कॅनू सरळ नेणे: वल्हवण्याच्या तंत्राची पहिली शिकवणी

उन्हाळ्यात कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील कोणत्याही सरोवराच्या काठी तासभर उभे राहिले, तर भाड्याने घेतलेल्या पुष्कळशा कॅनू नागमोडी जाताना दिसतात. पुढे बसलेला मागच्याला दोष देतो, मागचा वाऱ्याला देतो, आणि दोघेही दर दोन-चार हातांनंतर (हात म्हणजे वल्ह्याचा एक फटका, स्ट्रोक) वल्हे या अंगाचे त्या अंगाला घेत राहतात. वास्तविक यात दोष कोणाचाच नसतो. कॅनू एकाच पात्याच्या वल्ह्याने आणि होडीच्या एकाच अंगाला वल्हवली जाते. जोर मध्यरेषेपासून बाजूला लागतो आणि त्यामुळे होडीचे तोंड वल्ह्याच्या विरुद्ध दिशेला वळते. कयाकच्या दुहेरी पात्याच्या वल्ह्यात हा प्रश्न फारसा उरत नाही, कारण उजवा हात जे बिघडवतो ते डावा लगेच सावरतो. कॅनूत मात्र हे सावरणे त्याच अंगाला, त्याच हाताच्या शेवटी करावे लागते. म्हणून किती ताकद लावली यापेक्षा पाते पाण्याबाहेर काढण्यापूर्वीच्या अर्ध्या सेकंदात ते कोणत्या कोनात होते, याला अधिक महत्त्व आहे.

पुढील विवेचन सुमारे १६ फूट लांबीच्या, दोन माणसांच्या उघड्या कॅनूसाठी आणि स्थिर पाण्यासाठी आहे. कॅनडातील आदिवासी समाजांनी बर्च झाडाची साल, सीडरच्या पट्ट्या आणि स्प्रूसची मुळे यांपासून घडवलेल्या होडीचाच आकार आजच्या प्लास्टिकच्या वा केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या कॅनूला मिळालेला आहे. दोन्ही टोके निमुळती आणि बहुधा सारखीच असतात, आणि या सारखेपणाचा उपयोग एकट्याने वल्हवताना होतो. शिकण्यासाठी जागा निवडायची तर लहान, आडोशाचे सरोवर आणि सकाळची वेळ निवडावी. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ऑल्गॉन्क्विन पार्कात ६० क्रमांकाच्या महामार्गालगत अशी सरोवरे अनेक आहेत. त्याच पार्कातील ओपिओंगो हे सर्वांत मोठे सरोवर मात्र नवख्याने पहिल्या दिवशी टाळावे, कारण दुपारी वारा सुटला की तिथल्या मोकळ्या पाण्यावर लाटा पाहता पाहता वाढतात.

वल्हे आणि बैठक

वल्ह्याची लांबी आपल्या उंचीवरून नव्हे, तर धडाच्या उंचीवरून ठरवावी. जमिनीवर गुडघे टेकून, पार्श्वभाग टाचांपासून वीतभर वर ठेवून बसावे आणि वल्हे उलटे धरून त्याची मूठ जमिनीला टेकवावी. दांडा संपून पाते सुरू होते ती जागा हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान आली, तर वल्हे योग्य आहे. भाड्याच्या दुकानात घाईघाईने हातात दिले जाणारे वल्हे बहुधा लांब असते. लांब वल्ह्याने वरचा हात डोक्याच्या वर जातो आणि खांदे लवकर दुखू लागतात, म्हणून शंका असल्यास आखूड वल्हे मागून घ्यावे. वरचा हात मुठीवर, तळवा खाली असा असावा. खालचा हात दांड्यावर, पात्याच्या काही बोटे वर असावा. वल्हे डोक्यावर आडवे धरल्यावर दोन्ही कोपरे साधारण काटकोनात वाकत असतील, तर हातांमधील अंतर बरोबर आहे. दांडा घट्ट आवळून धरण्याची गरज नाही. उलट हात सैल नसेल तर पुढे येणारा मनगटाचा फिरवा जमत नाही.

कॅनूतील आसन बसण्यासाठी आहे असा सर्वांचाच समज असतो. शिकताना आणि वाऱ्यात गुडघे टेकून बसणे अधिक चांगले: दोन्ही गुडघे होडीच्या तळावर, दोन बाजूंना जमतील तितके फाकवून टेकवलेले, आणि पार्श्वभाग आसनाच्या पुढच्या कडेला हलकेच टेकलेला. अशा तीन आधारांमुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि होडीशी शरीराचा सांधा जुळतो. वज्रासनाची सवय असलेल्यांना हे इतरांपेक्षा सोपे जाते. गुडघ्यांखाली फोमची जाड घडी मात्र घ्यावीच, आणि अर्ध्या तासाने पाय मोकळे करावेत. पाय आसनाखाली अडकणार नाहीत याकडेही लक्ष द्यावे; जाड तळाचे बूट तिथे अडकतात आणि होडी उलटल्यास ते धोक्याचे ठरते.

होडीत चढताना दोघांपैकी एकाने ती पूर्ण पाण्यात तरंगत असताना धरून ठेवावी. दुसऱ्याने वाकून, दोन्ही काठांवर हात ठेवून, मध्यरेषेवर पाऊल टाकत आपल्या जागी जावे. अर्धी होडी वाळूवर आणि अर्धी पाण्यात असताना तिच्यात चढले, तर ती टेकलेल्या टोकावर डुगडुगते, आणि बरेच लोक किनारा सोडण्याआधीच पाण्यात पडतात ते यामुळेच.

पुढे नेणारा हात

सर्व तंत्राचा पाया फॉरवर्ड स्ट्रोक आहे, आणि सोपा वाटतो म्हणून तोच सर्वांत निष्काळजीपणे केला जातो. उजव्या अंगाला वल्हवत असाल, तर उजवा खांदा पुढे आणि डावा मागे जाईल असे कमरेपासून धड फिरवावे आणि पाते गुडघ्याच्याही पुढे, होडीच्या काठाजवळ पाण्यात सोडावे. पाते पूर्ण बुडाल्यावरच जोर लावावा. अर्धवट बुडालेले पाते ओढले, तर पाण्यात हवा शिरते, खळखळ आवाज येतो आणि मेहनत फुकट जाते. जोर दंडांनी ओढून लावायचा नसतो. हात जवळजवळ सरळ ठेवून, फिरवलेले धड पुन्हा मूळ जागी आणल्याने वल्हे मागे येते आणि पोटाचे व पाठीचे मोठे स्नायू कामाला लागतात. दहा मिनिटांत दंड भरून आले, तर धड फिरत नाही असे समजावे.

या वेळी दांडा उभा असावा, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला वरचा हात खालच्या हाताच्या अगदी वर, होडीच्या काठाबाहेर दिसला पाहिजे. नवख्याचा वरचा हात छातीसमोर राहतो, दांडा तिरका होतो आणि पाते होडीपासून दूर अर्धवर्तुळ काढत जाते. असे अर्धवर्तुळ होडी वळवण्यासाठीच मुद्दाम काढतात, त्यामुळे अशा हाताने होडी नको तितकी वळते. पाते होडीच्या मध्यरेषेला समांतर, सरळ मागे आणावे आणि कमरेपाशी पोहोचताच थांबावे. कमरेच्या मागे गेलेले पाते पाणी वर उचलते, होडीचे मागचे टोक खाली दाबते आणि वेग कमी करते. तरीही जास्त ओढले म्हणजे जास्त वेग, या समजुतीने बहुतेक जण तिथेच सर्वाधिक जोर करतात. पाते बाहेर काढल्यावर ते पाण्याला समांतर आडवे करून, पाण्यापासून थोड्याच उंचीवरून पुढे न्यावे, म्हणजे समोरचा वारा त्याला अडवत नाही.

हात बरोबर बसला की नाही, हे पाण्यावरच वाचता येते. पाते बाहेर निघाल्यावर त्याच्या दोन्ही कडांच्या जागी दोन लहान भोवरे उरतात आणि ते होडीच्या मागे शांतपणे फिरत राहतात. भोवऱ्यांऐवजी फेस आणि बुडबुडे दिसत असतील, तर पाते पुरते बुडण्याआधीच ओढले गेले आहे.

दोघांनी विरुद्ध अंगांना वल्हवायचे असते. लय पुढचा ठरवतो, कारण त्याला मागचा दिसत नाही. मागच्याने त्याच्या खांद्याकडे पाहून आपले पाते त्याच क्षणी पाण्यात सोडावे. दिशा मात्र मागच्याच्या हातात असते. याची कारणे दोन: मागचे आसन टोकाच्या अधिक जवळ असते, आणि होडी चालू लागली की तिचा वळण्याचा बिंदू पुढे सरकतो. त्यामुळे समान ताकदीच्या दोघांनी वल्हवले, तरी होडी मागच्याच्या वल्ह्यापासून दूर वळते. पुढच्याने अधिक जोर लावून हे सावरण्याचा प्रयत्न करू नये. ते त्याचे काम नाही, आणि त्यातून फक्त भांडणे होतात.

जे-स्ट्रोक

मागे बसणाऱ्याने पहिला पूर्ण दिवस याच एका हाताला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीचे हात नंतर एकेका तासात जमतात.

जे-स्ट्रोकची सुरुवात फॉरवर्ड स्ट्रोकसारखीच असते. पाते कमरेजवळ येऊ लागताच वरच्या हाताचा अंगठा हळूहळू पुढे आणि खाली फिरवावा, इतका की शेवटी तो सरळ पाण्याकडे रोखलेला असेल. त्यासोबत पाते फिरते आणि ज्या बाजूने आतापर्यंत पाणी मागे लोटले, तीच बाजू आता होडीपासून बाहेरच्या दिशेला तोंड करते. मग पात्याने पाणी होडीपासून थोडेसे बाहेर ढकलावे आणि पाते कडेने, जणू कापत, पाण्याबाहेर काढावे. वरून पाहिल्यास पात्याचा मार्ग इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा दिसतो. या लहानशा धक्क्याने होडीचे मागचे टोक वल्ह्यापासून दूर आणि पुढचे टोक वल्ह्याच्या बाजूला येते. म्हणजे पुढे जाताना झालेली चूक त्याच हातात दुरुस्त होते.

अंगठ्याची दिशा हाच यातला कळीचा मुद्दा आहे. अंगठा वर फिरवून, पात्याच्या मागच्या बाजूने पाणी ढकलण्याचा एक रांगडा प्रकार आहे आणि शिकवणारा नसेल तर बहुतेकांना तोच आधी सुचतो. त्याने होडी झटकन सावरते, वेगवान पाण्यात त्याला स्थानही आहे, परंतु प्रत्येक वेळी तो होडीला ब्रेक लावतो आणि दिवसभर असे वल्हवणारा इतरांच्या मागे पडतो. सवय मोडण्यासाठी एक उपाय आहे: वरच्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर रंगीत टेपचा तुकडा लावावा आणि प्रत्येक हाताच्या शेवटी तो पाण्याकडे वळला का, हे डोळ्यांनी तपासावे. सुरुवातीला मनगट अवघडते. त्यावर उपाय म्हणजे मूठ सैल धरून ती तळव्यात थोडी फिरू देणे.

शेवटचा धक्का किती मोठा असावा, याला ठरीव माप नाही. तो लवकर आणि हलका द्यावा. पुढच्या किनाऱ्यावरील एखादा उंच पाइन वृक्ष निवडून होडीचे टोक त्यावर धरावे. टोक त्याच्या डावीउजवीकडे बोटभर सरकले की लगेच दुरुस्ती करावी. टोक पार त्या वृक्षाच्या दुसऱ्या अंगाला जाईपर्यंत वाट पाहिली, तर एवढी मोठी दुरुस्ती करावी लागते की होडी तिकडून इकडे भरकटते, आणि नागमोडी प्रवास सुरू होतो तो इथूनच. जमू लागल्यावर प्रत्येक हाताला सावरण्याची गरज उरत नाही. दोन-तीन हातांत एक पुरतो, आणि वारा अनुकूल अंगाने असेल तर कधी एकही लागत नाही.

दर काही हातांनी बाजू बदलत जाण्याची पद्धतही आहे, आणि ती हिणकस मुळीच नाही. अमेरिकेतील मिनेसोटात लांब पल्ल्याच्या शर्यती करणारे लोक वाकड्या दांड्याची वल्ही घेऊन, मागच्याच्या हाकेबरोबर दोघांनी एकदम बाजू बदलत फार वेगाने जातात. पण ते विचारपूर्वक बदलतात. सावरता येत नाही म्हणून बदलणे निराळे.

वळवणे, सरकवणे आणि तोल

वळण्यासाठी सर्वांत सोपा हात स्वीप आहे. फॉरवर्ड स्ट्रोकमध्ये जे टाळायला सांगितले, तेच येथे मुद्दाम करायचे: दांडा आडवा, वरचा हात पोटाजवळ, आणि पात्याने होडीपासून शक्य तितके दूर मोठे वर्तुळ काढायचे. दोघे असताना पुढच्याने टोकापासून कमरेपर्यंत आणि मागच्याने कमरेपासून मागच्या टोकापर्यंत, असे पाव-पाव वर्तुळच काढावे. उरलेल्या पाव वर्तुळाचा परिणाम उलट होतो. हाच हात उलट दिशेने केला तर होडी वल्ह्याच्या बाजूला वळते, पण वेग मरतो.

होडी आडवी सरकवायची असेल, उदाहरणार्थ धक्क्याला लावताना, तर ड्रॉ स्ट्रोक वापरावा. धड वल्ह्याच्या बाजूला वळवून, दोन्ही हात पाण्यावर बाहेर नेऊन, पाते होडीला समांतर असे दूर बुडवावे आणि सरळ आपल्या कमरेकडे ओढावे. खरे तर पाते जागच्या जागी राहते आणि होडीच त्याच्याकडे येते. पाते होडीला भिडण्याच्या वीतभर आधी मनगट फिरवून ते होडीशी काटकोनात करावे आणि पाण्याखालूनच, चाकूने कापावे तसे, पुन्हा बाहेर न्यावे. हे विसरले तर होडी सरकत येऊन पात्यावर चढते, वल्हे तरफेसारखे होडीलाच उलटवू पाहते, आणि घाबरलेला माणूस नेमका तेव्हाच वल्हे अधिक घट्ट धरतो. तसे झाल्यास वरचा हात तत्काळ सोडून द्यावा.

याच्या उलट दिशेचा हात म्हणजे प्राय. पाते होडीच्या पोटाला चिकटवून उभे बुडवावे, दांडा काठावर टेकवावा आणि मूठ आपल्याकडे ओढावी. काठ टेकू होतो आणि होडी वल्ह्यापासून दूर सरकते. जोर फार मोठा मिळतो, म्हणून ओढ आखूडच ठेवावी. उथळ, खडकाळ पाण्यात प्राय करू नये, कारण पाते खडकात अडकले तर होडी त्यावरून पालथी होते. पुढे बसणाऱ्याला आपल्या विरुद्ध अंगाला वळायचे झाल्यास, प्रायऐवजी हातांची पकड न बदलता वल्हे होडीवरून पलीकडे नेऊन तिथे ड्रॉ करणे अधिक सुरक्षित. त्यासाठी धड पुरते फिरवावे लागते.

लो ब्रेस हा हात वळवण्यासाठी नव्हे, तर पडण्यापासून वाचण्यासाठी आहे. होडी वल्ह्याच्या अंगाला कलू लागली की दांडा आडवा करून, दोन्ही हातांच्या बोटांची पेरे पाण्याकडे येतील अशा रीतीने पात्याची मागची बाजू पाण्यावर सपाट आपटावी. त्या क्षणभराच्या आधारावर कलत्या बाजूचा गुडघा वर उचलून दुसऱ्या गुडघ्याने होडी खाली दाबावी. डोके मात्र सर्वांत शेवटी वर आणावे. तोल जाताना मान आपोआप वर उचलली जाते आणि तेच बुडवते, कारण डोके वर गेले की शरीराचे वजन कलत्या बाजूलाच पडते. हा हात गुडघाभर पाण्यात, उन्हाच्या दिवशी, मुद्दाम होडी कलवून घोटावा.

वारा, आणि एकट्याने वल्हवणे

रिकाम्या होडीपेक्षा चुकीचे वजन ठेवलेली होडी अधिक त्रास देते. समोरून वारा असेल, तर वजन किंचित पुढे सरकवावे; पाठीमागून असेल, तर किंचित मागे. होडीचे जड टोक पाण्यात रुतते आणि हलके टोक वारा ढकलतो, त्यामुळे वाऱ्याकडचे टोक जड ठेवले की होडी आपोआप हव्या त्या दिशेला तोंड करून राहते. पाण्याची बाटली आणि सामानाची पिशवी फूटभर हलवल्यानेही फरक जाणवतो. मोठ्या सरोवरात मधून आडवे न जाता किनाऱ्याच्या आडोशाने जावे, वाट लांबली तरी.

एकट्याने दोन माणसांची कॅनू नेताना मागच्या आसनावर बसू नये. पुढचे टोक हवेत उचलले जाते आणि वारा ते हवे तिथे नेतो. होडी उलट फिरवून, पुढच्या आसनावर मागच्या टोकाकडे तोंड करून बसावे. दोन्ही टोके सारखी असल्याने हे चालते आणि वजन मध्याच्या जवळ येते. त्याहून बरे म्हणजे मध्यभागी, वल्ह्याच्या अंगाकडे सरकून गुडघे टेकणे, म्हणजे होडी त्या अंगाला थोडी कलते, पाणी तिच्या आखूड भागाला लागते आणि ती हलक्या हाताने वळू लागते. ऑल्गॉन्क्विनचे वाटाडे ओमर स्ट्रिंगर यांची ही शैली प्रसिद्ध आहे. काठ पाण्याला टेकेल की काय, इतकी होडी कलवून ते ती फिरवत. नवख्याने आधी थोडेसेच कलवून पाहावे.

पडण्याची तयारी

कॅनडात कॅनूवर प्रत्येक माणसासाठी योग्य मापाचे लाइफ जॅकेट असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याशिवाय किमान १५ मीटर लांबीची तरंगणारी दोरी, पाणी उपसण्याचे भांडे किंवा पंप आणि शिट्टी लागते. कायदा जॅकेट होडीत असावे एवढेच मागतो, पण ते अंगात घालून बंद लावूनच वल्हवावे, पोहता येत असले तरी. मे महिन्यात बर्फ वितळून काही आठवडेच झालेले असतात आणि हवा उबदार असली तरी पाणी जीवघेणे थंड असते. अशा पाण्यात पडताच श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो, आणि तेवढ्यात तोंड पाण्याखाली असले तर पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. पहिली शिकवणी त्यामुळे जुलैनंतरची असावी.

उलटल्यावर होडी सोडू नये. ती पाण्याने भरली तरी बहुतेक आधुनिक कॅनू तरंगत राहतात आणि दुरून दिसतात. वल्हे हाती येत असेल तर धरावे, जोडीदाराला हाक मारावी आणि किनारा जवळ असल्यास होडी ढकलत तिकडे जावे. वाहते पाणी असेल तर होडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला राहावे, नाहीतर भरलेली होडी खडकावर दाबू शकते. दुसरी कॅनू जवळ असेल, तर उलटलेली होडी पालथीच तिच्या काठावर आडवी ओढून घ्यावी, पाणी निथळू द्यावे, सुलटी करून पुन्हा पाण्यात सोडावी, आणि मदतीच्या होडीने ती घट्ट धरून ठेवलेली असताना पडलेल्यांनी एकेकाने, पोटावर सरपटत, आत शिरावे. हे सारे एकदा किनाऱ्याजवळ, छातीभर पाण्यात, दोन होड्या घेऊन प्रत्यक्ष करून पाहावे, आणि त्यानंतरच वल्ह्याची बाजू बदलून दुसऱ्या अंगाचा जे-स्ट्रोक शिकायला घ्यावा.